मोळी

नोल्सोय बेटावर, दगडी बांधाच्या फटीत
एक मायक्रोफोन रात्रभर ऐकत असतो.
जूनमधली रात्र इथे नावापुरतीच.
बाराच्या सुमारास आभाळ ताकासारखं पातळ होतं
आणि वादळपाखरं समुद्रावरून परततात,
मुठीएवढी, काळी,
हजार बिळांतून आपलंच बीळ हुंगत.

पहाटे तीन दहाला क्रॉन उठतो
आणि पाण्यापलीकडे, तोर्शाव्नला,
संस्थेच्या तळघरात रात्रीचा आवाज पोचवतो.

ही सगळी मांडणी होग्नीची.
निवृत्त होताना त्याने मला एक किल्ल्यांचा जुडगा दिला,
एक लोकरी टोपी,
आणि अठ्ठावीस ओळींची स्क्रिप्ट.
म्हणाला, सुन्नेवा, हिला विंचरायला जाऊ नकोस.

मी विंचरली.
एका ओळीत दोन अवतरणचिन्हं लटकत होती
वाळत घातलेल्या मोज्यांसारखी.
काढून टाकली.

आधी असं होतं:
आरसिंक, उणे ई, आणि मग अवतरणाच्या आत
एसएसएच, उणे पी, बावीसशे बावीस.
ती एक मोळी होती.
आरसिंकने ती सोडायची नव्हती,
नुसती उचलायची होती.

दोरी गेल्यावर
त्याच्या हातात एकटं एसएसएच आलं.
उणे पी त्याला आपलंच वाटलं;
त्याच्या घरीही एक पी आहे, फाइलींच्या परवानग्या जपणारा.
नाव सारखं, म्हणून घेतलं घरात.
आणि बावीसशे बावीस
राहिलं उघड्यावर.
त्याला वाटलं, ही एखादी फाइल असेल.
शोधली. नाही मिळाली.
तशी तक्रार लिहून त्याने पत्रपेटीत टाकली,
मशीनच्या पोटातल्या त्या पेटीत
जिथे आजवर कुणी डोकावलं नाही.

मग बाकीचं सामान घेऊन
ते बावीस नंबरच्या दारात जाऊन उभं राहिलं.

दार बंद असतं तर
आदळलं असतं, आरडाओरडा झाला असता.
पण आतून कुणीतरी ओ दिली.

अकरा दिवस तळघरातलं फोल्डर रिकामं.
बिळातलं यंत्र ओल लागून मेलं असणार, असं मी म्हणाले.
मार्यून काही बोलली नाही.
तिच्या वहीत मात्र मी वाचलं:
चौदा जूनपासून वसाहत गप्प. सोडून गेली?
प्रश्नचिन्हावर पेन दोनदा फिरलेलं.

बाराव्या रात्री ती शेवटच्या बोटीने गेली
आणि सकाळी पहिल्या बोटीने आली,
गुडघ्यांना चिखल, कानाला शेवाळ.
"पाखरं बोलतायत," म्हणाली.
"तू ऐकत नाहीस."

मी होग्नीला फोन लावला.
बावीसवर कोण आहे?
तो बराच वेळ गप्प. मागे किटली शिट्टी घालत होती.
"जिन्याखाली बघ," म्हणाला,
"रंगाच्या डब्यांमागे.
बंद करायचं राहून गेलं."

डब्यांमागे एक पंखा कुरकुरत होता.
धुळीने राखाडी झालेलं जुनं मशीन,
जुनी ओळख न विसरलेलं,
आणि त्यात बारा रात्री, तारीखवार,
एकही इकडची तिकडे नाही.

माझी चूक एका म्हाताऱ्याच्या विसराळूपणाने झेलली होती.
याचं आभारपत्र कुणाला लिहायचं असतं?

दोन्ही चिन्हं परत लावली.
आधी हाताने चालवून बघितलं, मग क्रॉनच्या हवाली केलं,
आणि पत्रपेटीतली सगळी पत्रं
उभ्या उभ्या वाचली. बारा. शब्दन् शब्द सारखी.

शेवटची रात्र मी हेडफोन लावून ऐकली.
चरख्यासारखी घरघर, मध्येच उचकी.
पंख, माती, एका पाखराचं अवतरण.
मग दोन वाजून सात मिनिटांनी
बुटांचा आवाज,
दगडाला कान लावल्याची खरखर,
आणि अगदी जवळून
मार्यूनचा श्वास.

"आहात ना?"
ती विचारते.